खाण नऊचे अकरा गुरुवार

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, नोकरीने वजनमापे तपासनीस, अविवाहित, या बुधवारी सकाळी चहा घेऊन आणि चष्मा लावून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर आपल्या मर्जीने हे लिहायला बसले आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे या जागी लिहायचे असते. ती आहे असे मला वाटते. पण कोणताही काटा आपण खरा आहोत असे स्वतः ठरवू शकत नाही, म्हणून तो निवाडा साक्षीदारांवर सोडते.

येत्या सोमवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "साधं ऑपरेशन आहे. पंधरा दिवसांत कामावर जाल." मी विचारले, "साधं म्हणजे शेकडा किती?" ते हसले आणि आकडा सांगितला नाही. ज्या गोष्टीचा आकडा सांगत नाहीत तिची मी तयारी करून ठेवते.

वाचणाऱ्याला एक सूचना. आमच्या कामात चुकलेली नोंद खरवडत नाहीत आणि पांढरा रंगही लावत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारतात, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख घालून छोटी सही करतात. या कागदातही मी तसेच करणार आहे. रेघ मारलेला मजकूर रद्द समजावा, पण वाचावा.

कलम पहिले. घर.

तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर, आतल्या सामानासकट, माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्या मोठ्या भावाची मुलगी. वय चोवीस. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून देते आणि त्यांच्याकडून शिव्या खाते. गेल्या सहा वर्षांत त्या घरातून माझ्या घरी येणाऱ्या दोनच व्यक्ती आहेत, ती आणि वहिनी. भाचीने मला कधी विचारले नाही की आत्या, तुमचं नेमकं काय बिनसलंय. न विचारण्याबद्दल मी तिची ऋणी आहे, आणि तिला विचारायचे होते का, याची मला उत्सुकता आहे.

घराबद्दल तिला माहीत असावे असे थोडे. बाल्कनीचे दार ओढताना वर उचलावे लागते. स्वयंपाकघराचा ओटा उजवीकडे दोन मिलिमीटर उतरता आहे. गवंड्याला मी पाणसळ लावून दाखवले होते. तो म्हणाला, "बाई, भांडं काय घसरून पडणार आहे का?" चौदा वर्षांत एकही भांडे पडले नाही. तरी ओटा उतरताच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे समजायला मला बराच काळ गेला.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते भाचीलाच. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. हत्यारे आणि एक जुने भांडण.

माझी तपासणीची वजने, मखमलीची पेटी, चिमटे आणि हातमोजे कार्यालयातल्या माझ्या जोडीदाराला द्यावेत. "तू त्या वजनांना अंघोळ घालतेस," असे तो अठरा वर्षे म्हणत आला आहे. आता त्याने घालावी. वजनाला उघडा हात लावू नये. बोटाचा घामसुद्धा मोजला जातो.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या काट्याला मी एकदा सील ठोकले, तेव्हापासून तो मला पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माझ्याकडून ते भांडण मिटले, असे त्याला सांगावे. काटा मात्र मार्चमध्ये तपासावा.

कलम चौथे. वडिलांची पितळी वजने.

वडील वजनकाटे दुरुस्त करीत. त्यांच्या दुकानातला पितळी वजनांचा संच माझ्याकडे आहे, तो माझ्या दादाला द्यावा. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. संचात पन्नास ग्रॅमचे वजन नाही. ते दादाने हरवले. त्याच्या मते मी हरवले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि तो तेरा, यावरून काय ते ठरवावे.

[समासात, शनिवार: हे कलम एका रेघेने रद्द. हरवले कोणी, ही नोंद तेवढी कायम. छोटी सही.]

कलम पाचवे. खेळातले खाते.

इथे मला जरा समजावून सांगावे लागेल, कारण वकीलबाईंनाही हे दोनदा सांगावे लागले.

अकरा वर्षांपूर्वी दादाचा पाय मोडला आणि तो दोन महिने घरात अडकला. तेव्हा त्याला इंटरनेटवरचा एक अवकाशातला खेळ सापडला. मी कामावरून सुटले की त्याच्याकडे जाऊन बसत असे. एक दिवस त्याने मलाही त्यात घातले. त्या खेळात प्रत्येकाला एक जहाज मिळते. भोवती दोनशेवर स्थानके आहेत आणि प्रत्येक स्थानक कोणत्यातरी पक्षाच्या ताब्यात असते. मोठे पक्ष दोन, दीपस्तंभ आणि खलाशी संघ. आपण एकाला पाठिंबा जाहीर करायचा आणि त्याच्यासाठी माल वाहायचा. माल ज्या स्थानकावर उतरवाल, त्या स्थानकाच्या मालकाच्या पारड्यात वजन पडते. दर गुरुवारी संध्याकाळी मोजणी होते. ज्याचे पारडे जड, त्याच्याकडे आसपासची स्थानके जातात. एवढेच.

पहिल्याच पडद्यावर प्रश्न आला, तुमची बाजू निवडा. मी विचारले, "यातला चांगला कोण?"

"चांगला बिंगला कोणी नाही," दादा म्हणाला. "मी निळ्यात आहे. तू ये निळ्यात."

निळा म्हणजे दीपस्तंभ. मी दोन्ही पक्षांचे जाहीरनामे वाचायला मागितले. तो म्हणाला, "पाय माझा मोडलाय, वेळ तुझा का जात नाहीये?" मी निळ्यात गेले. ज्या पक्षासाठी मी पुढे पाच-सहाशे फेऱ्या केल्या, त्याची निवड अशी झाली. एखादी बाजू आपली का असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता रोज पडतो.

मी माझ्या जहाजाचे नाव पायली ठेवले आणि माझे टोपणनाव तोळामासा. दादाचे टोपणनाव चौथा मजला, कारण लोक त्याला लिफ्टमधून नेहमी तिथे अडकूनच फोन करतात. आम्ही नऊजणांचा गट केला. आमच्याकडे उंबरठा नावाचे सीमेवरचे एक लहानसे स्थानक होते. दर गुरुवारी मोजणीत उंबरठा आपल्याकडे राहिला की नऊ जहाजे बाहेर रांगेत उभी राहून एकदा दिवे घालवत आणि पुन्हा लावत. ही पद्धत दादाने पाडली. तिचा खेळाला काही उपयोग नव्हता.

हे खाते, पायली आणि गटातली माझी जागा मी दादाला देते. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, हे खातं तुमच्या मालकीचंच नाही. कंपनीनं तुम्हाला वापरायला दिलंय. ते कोणाच्या नावे करता येणार नाही." म्हणून हे दान नव्हे, इच्छा म्हणून वाचावे. कायद्यात तिला वजन नाही.

[समासात, शनिवार: रद्द. बदललेली व्यवस्था कलम आठव्यात. छोटी सही.]

कलम सहावे. गुरुवारी लिहिले.

माझ्या दादाला माझ्या पश्चात हे कळावे. मी जिवंतपणी सांगू शकले नाही.

सहा वर्षांपूर्वी उंबरठा आमच्या हातून गेला. जवळच खाण क्रमांक नऊ नावाचे एक स्थानक होते. तिथे खलाशी संघाचे बळ आठवड्यागणिक वाढत गेले आणि त्या बळावर त्यांनी उंबरठा घेतला. आमच्यातले कोणीतरी त्यांना आतून रसद पुरवते आहे, असे गटातले दंतवैद्य म्हणाले. ते खरोखरच दंतवैद्य आहेत आणि बोलतातही तसेच, तोंडात आरसा घातल्यासारखे. गटाच्या नोंदवहीत कोणी कुठे किती माल घेतला-दिला ते सगळे दिसत असे. कोणीतरी ती वही तपासायला हवी होती. सगळे म्हणाले, तोळामासाला द्या. तिचं कामच ते आहे.

मी आठही जणांच्या नोंदी काढल्या. दादाच्या नावावर खाण नऊवरून नऊ आठवडे माल उचलल्याची नोंद होती. हवेचे फिल्टर. म्हणजे आमचा माणूस शत्रूच्या बाजारात खरेदी करत होता. मी तक्ता केला, बेरीज दोनदा तपासली आणि सभेत ठेवला.

दंतवैद्यांनी विचारले, "चौथा मजला, हे काय आहे?"

दादा म्हणाला, "काम होतं."

"कसलं काम?"

"माझं."

त्यापुढे तो एक शब्दही बोलला नाही. सभा दुसऱ्या दिवशी मतदानासाठी ठेवली. त्या दुपारी त्याने मला कार्यालयात फोन केला.

"तुझा तक्ता बघितला," तो म्हणाला. "आकडे काय म्हणतात ते ठेव बाजूला. तू काय म्हणतेस?"

मी म्हणाले, "आकडे म्हणतात तेच."

"बरं," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

ज्याच्यावर आरोप त्याला मत नसते. उरलो आठ. मतदानात काढून टाका म्हणणारे चार झाले, राहू द्या म्हणणारे तीन. माझे मत शेवटी होते. बरोबरी झाली तर सदस्य राहतो, असा आमचा नियम होता. नियम मीच लिहिला होता. मी काढून टाका म्हटले.

दादा त्या दिवसापासून खेळलेला नाही आणि माझ्याशी बोललेला नाही. माझी बातमी वहिनीकडून त्याला जाते आणि त्याची मला येते. मी वहिनीला एकदा विचारले, "दादा माझं काही विचारतो का?" वहिनी म्हणाली, "विचारत नाही. पण तुझं नाव निघालं की टीव्हीचा आवाज बंद करतो. म्हणजे ऐकतो."

आता जे लिहायचे ते. दोन वर्षांपूर्वी मी जुन्या दैनंदिन्या चाळत होते. मी रोज लिहिते, खेळातल्या फेऱ्याही लिहिते. त्याच सुमारास खेळाच्या कंपनीने जुन्या काळात कोणते स्थानक कोणत्या तारखेला कोणाकडे होते, त्याची यादी सगळ्यांना उघडी केली. मला सहज कुतूहल वाटले म्हणून मी यादी आणि दैनंदिनी शेजारी ठेवली.

खाण नऊ आधी आमच्याकडे होते. ते एका गुरुवारी खलाशी संघाकडे गेले. माझा मार्ग पायलीत साठवलेला होता. मी बटण दाबत होते आणि जहाज आपोआप तिथे जात होते. स्थानक गेल्यावरही मी दर आठवड्याला तिथेच फिल्टर उतरवत राहिले. दैनंदिनीप्रमाणे अकरा गुरुवार. प्रत्येक खेपेचे वजन मी किलोपर्यंत लिहिले आहे. आयुष्यभर मी काटा खरा आहे की नाही ते पाहिले, तो कोणाच्या दुकानात आहे ते नाही पाहिले.

आणि मला दिसले नव्हते असेही नाही. चौथ्या आठवड्याची नोंद अशी आहे: "खाण नऊची निळी पाटी आज हिरवट वाटली. डोळे तपासून घ्यावेत." खलाशी संघाचा रंग हिरवा आहे. मी दुसऱ्याच दिवशी खाली चष्मेवाल्या काकांकडे गेले आणि नवा चष्मा केला. काका म्हणाले होते, "नंबर तोच आहे हो तुमचा." मी म्हटले, "तरी द्या."

उंबरठा माझ्यामुळे गेला. तक्ता करताना मी आठ नावे तपासली, नववे माझे होते. आमच्या कार्यालयात तपासनिसाने स्वतःची वजने स्वतः तपासायची नाहीत, वर्षातून एकदा दुसऱ्याकडे द्यायची, असा सक्त नियम आहे. मी तो अठरा वर्षे पाळला आहे. त्या एका दिवशी माझी वही तपासायला द्यावी, हे मला सुचले नाही.

दादा तिथून माल का घेत होता, हे मला अजून माहीत नाही. पण जे झाले ते त्याच्यामुळे झाले नाही, एवढे मी खात्रीने सांगते. हे कळून दोन वर्षे झाली. मी सात पत्रे लिहिली. प्रत्येक पत्रात मी कोणत्या परिस्थितीत चुकले ते फार चांगले मांडले होते, म्हणून एकही टाकले नाही. दादा कुठे आहे ते पाहून मी बाजू निवडली होती. मग बाजूकडे पाहून दादा सोडला. हे कोणत्या क्षणी उलटले, ते मला दैनंदिनीत सापडत नाही.

[समासात, शनिवार: हे संपूर्ण कलम एका रेघेने रद्द. कारण कलम आठव्यात. मजकूर वाचता येईल असा ठेवला आहे. छोटी सही.]

कलम सातवे. दंतवैद्यांना एक काम.

गटाच्या नोंदवहीत चौथा मजला याच्या नावापुढे "विश्वासघातामुळे कमी केले" असे आहे. ही नोंद चुकीच्या तपासणीवर झाली. मी वाचले तर येत्या गुरुवारच्या सभेत हे स्वतः सांगेन, माझी अकरा आठवड्यांची वही समोर ठेवून. नाही वाचले तर दंतवैद्यांनी हा कागद सभेत मोठ्याने वाचावा आणि त्या नोंदीवर एक रेघ मारावी. त्यांच्यावर माझा राग आहे असे मी बरीच वर्षे समजत होते. बारकाईने पाहिल्यावर दिसले की त्यांनी फक्त विचारले होते. उत्तर मी दिले.

कलम आठवे. शनिवारी, दुपारी लिहिले.

काल, शुक्रवारी, हा कागद वकीलबाईंना दाखवला. त्यांनी सहावे कलम वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात."

"म्हणूनच यात लिहिलंय."

"हो, पण हे ऐकून तुमच्या भावाला दोन शिव्या द्याव्याशा वाटल्या, तर त्यांनी त्या कोणाला द्यायच्या? मला?"

मी कागदाची घडी घातली. त्या म्हणाल्या, "माझी हरकत नाही. पण त्याची फी वेगळी."

आज सकाळी मी दादाच्या कामावर गेले. एका सहा मजली कचेरीची लिफ्ट तो तपासत होता. खाली पाटी होती, लिफ्ट बंद आहे. मी जिन्याने चढले. तो चौथ्याच मजल्यावर सापडला. दरवाजा लाकडी पाचर घालून उघडा ठेवला होता आणि दादा लिफ्टच्या टपावर उभा राहून जाड तारेचा दोर फडक्याने पुसत होता. त्याचे डोके माझ्या गुडघ्यांच्या पातळीवर होते. त्याला आधी माझ्या चपला दिसल्या.

"लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला.

"मी लिफ्टसाठी नाही आले."

त्याने वर पाहिले नाही. मी पिशवीतून हा कागद काढला आणि सहावे कलम उभ्या-उभ्या वाचून दाखवले. मध्ये एक शिपाई जिन्यावरून जाता जाता थांबला, मग गेला. दादा सगळा वेळ दोर पुसत होता, एकच वीतभर जागा. मी थांबल्यावर तो म्हणाला,

"अकरा नाही. बारा."

"काय?"

"बारा गुरुवार. पहिल्या खेपेला लिहायचं राहिलं असेल तुझं. आजारी बिजारी असशील."

मी नंतर घरी येऊन पाहिले. त्या आठवड्याची पाने कोरी आहेत. मला ताप होता.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी विचारले.

"तुझं जहाज लांबून कळतं. गोदीत शिरताना तू तीनदा सरळ करतेस. बाकीचे एकदाही करत नाहीत. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात दिसलीस मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मला उत्तर माहीत होते, म्हणून मी दिले नाही. त्याने दिले.

"वही घेऊन सभेत उभी राहिली असतीस. पहिल्या पानापासून वाचलं असतंस. आणि स्वतःला काढून टाकायचा ठरावसुद्धा स्वतःच लिहून आणला असतास, मापाडीणबाई."

"आणि तू तिथला माल का उचलत होतास?"

"तुझाच उचलत होतो. तू उतरवायचीस, मी विकत घेऊन परत उंबरठ्यावर टाकायचो." त्याने फडक्याने मागच्या भिंतीकडे खूण केली. तिथे अंधारात लोखंडी ठोकळ्यांची चळत लटकत होती. "लिफ्टच्या मागे वजन असतं ना, तसं. पण माझं जहाज तुझ्या निम्म्या पोटाचं. पुरं नाही पडलं. वाटलं, दोन-चार आठवड्यांत तुझं तुलाच कळेल. तू एवढी बघणारी."

"मी चष्मा बदलला," मी म्हणाले.

तो हसला. मग हसणे थांबवले, आपण हसतो आहोत हे लक्षात आल्यासारखे.

"मोठं मन बिन काही नाही हं माझं," तो म्हणाला. "मला राग होता. अजून आहे. गटातून काढलं त्याचा नाही, ते काय, खेळच आहे. मी तुला फोनवर विचारलं होतं, तू काय म्हणतेस. मला तुझ्याकडून तक्ता नको होता गं."

"आकडे बरोबर होते," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून कळलेले नाही.

"बरोबरच होते. तेच तर."

मी म्हणाले, "चुकले, दादा." तो म्हणाला, "ते वाचलंस तू मघाशी. चार पानं." आणि लगेच, "सोमवारी कोण नेतंय तुला?"

"टॅक्सी."

"हं." त्याने दोराला हात लावून पाहिले. "आणि यात मला काय ठेवलंयस?"

"बाबांची वजनं. आणि गटातली जागा."

"साक्षीदार कोण?"

"खालचे चष्मेवाले काका. दुसरा अजून ठरला नाही."

"ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना?"

"नाही. वकीलबाईंनी तसं सांगितलंय."

"मग मला काही ठेवू नकोस," दादा म्हणाला. "संध्याकाळी येतो सही करायला."

मी चार मजले उतरले तेव्हा मला कुठेही आनंद वगैरे झाल्याचे आठवत नाही. एवढेच वाटत होते की त्याने माझी बाजू घेतली, की फक्त जवळ उभे राहून नीट बघायचे ठरवले? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? एखाद्याला आपल्याकडून काही नको असणे, आणि आपण लिहिलेले खरे आहे असे सांगायला त्याने यावे, यात जड काय? मी त्याला विचारले नाही. हे वजन न करता ठेवते आहे.

म्हणून कलम चौथे आणि पाचवे वर रद्द केले. कलम सहावे रद्द केले, कारण जे मेल्यावर कळवायचे होते ते कळवून झाले. नवी व्यवस्था अशी. वडिलांची पितळी वजने भाचीला द्यावीत. ती तिच्या वडिलांना हाताळू द्यायची की नाही, हे तिने ठरवावे, हातमोजे असतील तर द्यावीत. खेळातले खाते कोणालाही नको. पाठिंबा नव्याने जाहीर केला नाही तर तो दर आठवड्याला थोडा उतरत जातो. माझ्या हिशोबाने माझा चाळीस आठवड्यांत शून्यावर येईल. तोपर्यंत पायली उंबरठ्याबाहेर दिवे लावून उभी राहील, मी नसताना माझी बाजू धरून. ते बघायला मला आवडले असते.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्या देहाचे काय करायचे ते भाचीला तोंडी सांगितले आहे. त्यात विशेष काही नाही.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. सात पत्रे केली होती, ती आज फाडली. वर जिथे जिथे रेघ आहे ती माझ्या हातची आहे. हे सगळे मी दोन्ही साक्षीदारांसमोर पुन्हा एकदा वाचले आणि सही केली.

स्थळ: माझ्या घरातले जेवणाचे टेबल, पाणसळ लावून पाहिलेले.
तारीख: चौदा, शनिवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे.
सही: तोळामासा, आणि खाली कागदोपत्री नावाने पूर्ण सही.

साक्षीदार पहिला:
मी खाली तळमजल्यावर चष्म्याचे दुकान चालवतो. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांचा नंबर सहा वर्षांपूर्वीही तोच होता, आजही तोच आहे, आणि मी त्यांना तेव्हाच सांगितले होते.
सही.

साक्षीदार दुसरा:
मी हिचा मोठा भाऊ. वरचा सगळा कागद, रेघांखालचासुद्धा, वाचला. यातून मला काहीही मिळत नाही. चाळीस नाही, अडतीस आठवडे लागतील, मी करून बघितलंय. पन्नास ग्रॅमचं वजन हिनेच हरवलं. सोमवारी टॅक्सी सांगितलेली नाही, मी नेणार आहे. सही करताना हिची बुद्धी पूर्ण ठिकाणावर होती. मतदानाच्या दिवशीही होती.
सही: चौथा मजला.